स्कूटरची घरच्या घरीं निगा व दुरुस्ती

पुण्याजवळ आकुर्डी येथें बजाज कंपनीच्या कारखान्यांत सन १९७२ मध्यें ‘चेतक’ नांवाची स्कूटर तयार होऊं लागली. महाराणा प्रतापाच्या घोड्याचें नांव मिरविणारी ही गाडी मिळावी म्हणून लोक आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहत. ती घरीं आली म्हणजे तिला हार घालीत, शेजाऱ्यांना पेढे वांटीत, आणि मग वीस-पंचवीस वर्षें तिच्यावर सगळा संसार चालवीत. पुढें उभा एक मुलगा, मागें आई, आईच्या मांडीवर दुसरें मूल, पायांशीं भाजीची पिशवी, असें चित्र ज्यांनीं पाहिलें नाहीं असे पालक थोडेच असतील. पेट्रोलवरील त्या गाडीचें उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकांत बंद झालें. सन २०२० पासून त्याच नांवाची विजेवर चालणारी स्कूटर बाजारांत आली आहे. तरी कित्येक घरांच्या जिन्याखालीं मेणकापड पांघरून आजोबांची जुनी चेतक अद्याप उभी आहे, आणि ‘ती पुनः सुरू होईल का?’ असें आमच्या वरच्या वर्गांतील मुलें अधूनमधून विचारतात. बहुधा होते. ती कशी होते, घरच्या माणसानें हात कोठपर्यंत घालावा आणि कोठें आवरावा, हें येथें सांगावयाचें आहे.

या गाडीची घडणच अशी आहे कीं, सामान्य माणसाला तिची दुरुस्ती करतां यावी. तिचें मूळ घराणें इटलींतील. दुसऱ्या महायुद्धानंतर, सन १९४६ मध्यें, पियाज्जो कंपनीनें ‘व्हेस्पा’ ही स्कूटर बाहेर काढली. तिचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानियो हे विमानविद्येंतले अभियंते. त्यांना मोटारसायकल मुळींच आवडत नसे. तिची साखळी कपडे तेलकट करते आणि रस्त्यांत चाक पंक्चर झालें तर तें काढणें जिकिरीचें, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून त्यांनीं साखळी काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाला लगटून बसविलें आणि दोन्ही चाकें एकाच बाजूनें धरलीं. त्यामुळें मोटारीच्या चाकाप्रमाणें चार-पांच नट काढले कीं चाक हातांत येतें. आकुर्डीस आरंभीं व्हेस्पाच परवान्यानें तयार होत असे. तो करार सन १९७१ मध्यें संपल्यावर चेतक निघाली, परंतु तिच्या अंगांत तीच रचना राहिली. उजव्या बाजूचें पत्र्याचें झांकण काढलें कीं इंजिन, कार्ब्युरेटर, स्पार्क प्लग हीं सर्व उघडीं पडतात. आजच्या पुष्कळ गाड्यांत प्लगपर्यंत पोंचण्यास निम्मी गाडी खोलावी लागते.

आतां इंजिनाचा स्वभाव पाहूं. तो कळला म्हणजे अर्धी दुरुस्ती झाली असें समजावें. जुन्या चेतकचें इंजिन सुमारें १४५ घन सेंटीमीटरचें, एका सिलिंडरचें व ‘टू-स्ट्रोक’ जातीचें आहे. लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणा. पिस्टन वर जातो तेव्हां त्याच्या खालच्या पोकळींत ओढ निर्माण होऊन हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत येतें. त्याच वेळीं वरच्या बाजूस आधींचें मिश्रण दाबलें जातें. तें पुरतें दाबलें जातें न जातें तोंच प्लगची ठिणगी पडून स्फोट होतो व पिस्टन खालीं फेंकला जातो. खालीं येतांना तो खालच्या पोकळींतील ताजें मिश्रण दाबतो, आणि तें बाजूच्या वाटांनीं वर चढून जळालेल्या वायूला सायलेन्सरकडे लोटून देतें. याप्रमाणें दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट होतो. झडपा नाहींत, त्यांचे दांडे नाहींत; हलणारे भाग मोजकेच.

या साधेपणाची एक किंमत मात्र द्यावी लागते. खालची पोकळी मिश्रण ओढण्याच्या कामीं गुंतलेली असल्यामुळें तेथें वंगणाचें तेल सांठवून ठेवतां येत नाहीं. म्हणून तेल पेट्रोलांतच मिसळून पाठवावें लागतें, आणि तेंच जातां जातां पिस्टनला व बेअरिंगांना माखून जातें. तेल घालावयाचें विसरलें तर गाडी कांहीं मैल उत्तम धांवते, किंबहुना नेहमींपेक्षां स्वच्छ धांवते, आणि मग पिस्टन तापून सिलिंडरमध्यें जखडतो. चालत्या गाडीचें मागचें चाक एकाएकीं थांबणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. अशा वेळीं क्लच तत्काळ दाबावा, म्हणजे चाक मोकळें होतें. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असेल तें पाळावें. टू-स्ट्रोक इंजिनासाठीं मिळणारें आजचें चांगलें तेल साधारणतः शेंकडा दोन, म्हणजे एका लिटरास वीस मिलिलिटर, या प्रमाणांत पडतें. ‘थोडें जास्त घातलें तर इंजिनाला बरें’ ही समजूत खोटी आहे. जादा तेल जळत नाहीं. त्याची काजळी होऊन प्लगवर व सायलेन्सरांत बसते, आणि निळसर धूर शेजाऱ्यांच्या घरांत शिरतो. गियरच्या पेटींतील तेल अगदीं वेगळें. तें सुमारें पाव लिटर असतें व ठराविक मुदतीनें बदलावें लागतें.

गाडी सुरू होत नाहीं, ही सर्वांत नेहमींची तक्रार. अशा वेळीं घाबरून दहा ठिकाणीं हात लावूं नये. इंजिनाला तीन वस्तू लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि हवा. त्या याच क्रमानें तपासाव्यात, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. प्लग बदलला, जेट साफ केलें, तारही ओढली आणि गाडी सुरू झाली, तर दोष कोठें होता हें कधींच कळत नाहीं व पुढच्या वेळीं पुनः पहिल्यापासून आरंभ.

प्रथम पेट्रोल. टांकींत तें आहे काय, हें झांकण उघडून डोळ्यांनीं पाहावें. बैठकीखालच्या तोटीच्या तीन स्थिति असतात: बंद, चालू व राखीव. टांकीच्या आंत या तोटीच्या दोन नळ्या उभ्या असतात, एक उंच व एक आंखूड. पेट्रोलाची पातळी उंच नळीच्या तोंडाखालीं गेली कीं ‘चालू’वर पुरवठा थांबतो आणि आंखूड नळीची वाट ‘राखीव’वर उघडते. तोटी कायमची राखीववर ठेवून फिरणाऱ्यास ही सूचना मिळतच नाहीं. नंतर कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी सोडून तिचें तोंड बाटलींत धरावें व तोटी उघडावी. धार सतत पडली पाहिजे. ती आरंभीं जोरांत पडून मग थेंब थेंब होऊं लागली, तर टांकीच्या झांकणांतील बारीक भोंक बुजलें आहे असें समजावें. पेट्रोल जितकें खालीं उतरतें तितकी हवा वरून आंत आली नाहीं, तर तें उतरणार तरी कसें? आमच्या शेजारच्या एका गृहस्थांची गाडी रोज दोन मैलांवर बंद पडे. एका कारागिरानें त्यांच्याकडून कार्ब्युरेटरचे व प्लगचे पैसे घेतले, तरी दुखणें तसेंच. शेवटीं गाडीला नवा रंग देतांना झांकणाचें भोंक रंगानें भरलें होतें असें निघालें. टांचणीनें तें मोकळें केलें.

याच संबंधांत एका प्रसिद्ध प्रथेचा उलगडा होतो. गाडी सुरू झाली नाहीं कीं तिला कुशीवर कलंडवून मग किक मारावयाची, ही रीत जुन्या स्कूटरवाल्यांच्या इतकी अंगवळणीं पडली होती कीं, मुलें तिला मंत्रासारखी समजत. कारण साधें आहे. गाडी कलली कीं टांकीच्या कोपऱ्यांत राहिलेलें पेट्रोल तोटीच्या तोंडाशीं येतें, आणि कार्ब्युरेटरच्या पेल्यांतील तरंगता गोळा जागचा हलून पेल्यांत नेहमींपेक्षां अधिक पेट्रोल उतरतें; मिश्रण दाट झाल्यामुळें थंड इंजिन पेट घेतें. तथापि टांकी भरलेली असतांनाही रोज गाडी कलंडवावी लागत असेल, तर तें लक्षण आहे, औषध नव्हे. तेव्हां चोक नीट ओढला जातो कीं नाहीं हें पाहावें आणि कार्ब्युरेटरचें जेट काढून पेट्रोलानें धुवावें. जेटच्या भोंकांतून पंपानें हवा मारावी. तार किंवा सुई घालूं नये. पितळ मऊ असतें. भोंक केसभर मोठें झालें तरी गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिऊं लागते.

पेट्रोल ठीक असेल तर ठिणगी. प्लग-पान्यानें प्लग काढावा आणि प्रथम त्याचें तोंड नीट पाहावें. तो इंजिनाची जीभ आहे. कॉफीसारखा तपकिरी रंग असेल तर प्रकृति उत्तम. काळी ओली काजळी असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, अथवा हवेची जाळी तुंबलेली. पांढरा फटक, भाजल्यासारखा असेल तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापत आहे. याची उपेक्षा करूं नये. काजळी तारेच्या ब्रशानें काढून दोन टोंकांतील अंतर सुमारें ०.६ मिलिमीटर ठेवावें. मग पेट्रोलाची तोटी बंद करून प्लग त्याच्या रबरी टोपींत बसवावा, त्याचें धातूचें अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावें आणि दुसऱ्यानें किक मारावी. निळी, कडकडणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी व मलूल ठिणगी निरुपयोगी. हें करतांना तीन गोष्टी पाळाव्यात: प्लग त्याच्या भोंकापासून दूर टेकवावा, कारण तेथून पेट्रोलाची वाफ बाहेर येते, तो हातानें धरूं नये, नाहीं तर विजेचा जबर झटका बसतो, आणि हें काम उघड्यावर करावें, स्वयंपाकघराच्या दाराशीं नव्हे. नवा प्लग लावूनही ठिणगी नसेल, तर जुन्या नमुन्यांत सी. बी. पॉइंट मळलेले असतात आणि नंतरच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉनिक पेटी बिघडलेली असते. ही पुढची तपासणी जाणत्या मिस्त्रीकडे सोंपवावी.

तिसरी हवा. कार्ब्युरेटरवरची जाळी रॉकेलानें धुऊन वाळवली कीं काम झालें. परंतु हवा जशी आंत यावी लागते तशी ती बाहेरही पडावी लागते. गाडी सुरू होते पण चढावर दम टाकते, असें झालें तर बहुधा सायलेन्सर काजळीनें भरलेला असतो.

वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या गाडीस एकदम किक मारूं नये. टांकींतील जुनें पेट्रोल काढून टाकावें. आंत बोट फिरवून गंज लागतो काय तें पाहावें. प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल सिलिंडरमध्यें सोडून तें रात्रभर मुरूं द्यावें व सकाळीं किक हातानें हळूहळू दाबावी. रबरी नळ्या सर्व नव्या घालाव्यात. आज मिळणाऱ्या पेट्रोलांत शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि जुन्या गाड्यांतील रबर त्याच्या संगतीसाठीं बनविलेलें नव्हतें. तें फुगतें, भेगाळतें व गळूं लागतें. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. म्हणून पावसाळ्यांत गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टांकी रिकामी करून ठेवणें बरें. टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला भेगा असतील तर ते टाकून द्यावेत. येथें काटकसर नको.

तारांकडे लोक फारसें लक्ष देत नाहींत. या गाडींत गियर, क्लच, ब्रेक व वेग हीं सर्व तारांनीं चालतात. तार एकाएकीं तुटत नाहीं. मुठीजवळच्या टोंकाशीं तिचा एक एक पदर आधीं तुटतो व बोटाला टोंचतो. तो टोंचला त्याच दिवशीं तार बदलावी. महिन्यांतून एकदां प्रत्येक तारेच्या वरच्या तोंडांत दोन थेंब तेल सोडावें, आणि क्लचची एक तार नेहमीं डिक्कींत असूं द्यावी. क्लचची मूठ दाबतांना आरंभीं थोडी ढिलाई लागली पाहिजे. ती मुळींच नसेल तर क्लच घसरून आंतल्या चकत्या जळतात.

ब्रेक घट्ट करणें सोपें आहे. चाक जमिनीवरून उचलून तारेचा नट असा फिरवावा कीं चाक अडखळूं लागेल; मग तें मोकळें फिरेपर्यंत नट उलट फिरवावा. मात्र ड्रम उघडला तर आंतील धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें टाकून द्यावें. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे गेले असतां फुफ्फुसांत कायमचे राहतात.

आतां ज्या एका गोष्टीसाठीं पालकांनीं हा लेख जपून वाचावा, ती सांगतों. या स्कूटरच्या चाकाची रिम अखंड नसते. ती दोन पसरट थाळ्यांसारखी असून त्या समोरासमोर ठेवून नट-बोल्टांनीं जोडलेल्या असतात व त्यांच्यामध्यें ट्यूब-टायर बसतो. म्हणजे चाकावर नटांचे दोन संच आहेत. एका संचानें संपूर्ण चाक ब्रेकच्या ड्रमला बांधलेलें असतें. चाक बदलतांना हेच काढावयाचे. दुसऱ्या संचानें रिमचीं दोन अर्धीं एकमेकांस धरून ठेवलेलीं असतात. ट्यूबमध्यें हवा असतांना हा दुसरा संच सैल केला तर काय होईल याचा हिशेब वरच्या वर्गांतील विद्यार्थी करूं शकतील. समजा, हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला पावणेदोन किलो आहे. हा दाब टायरच्या सगळ्या घेऱ्यावर आंतून पडतो आणि रिमचीं अर्धीं शेंकडों किलोंच्या जोरानें एकमेकांपासून दूर लोटूं पाहतो. शेवटचा नट सुटतांच लोखंडी अर्धें बंदुकीच्या गोळीसारखें उडतें, आणि पान्यावर वांकलेल्या माणसाचें तोंड नेमकें त्याच्यासमोर असतें. अशानें माणसांचे डोळे, जबडे आणि प्राणही गेले आहेत.

म्हणून मुलांनीं प्रथमच एखाद्या मिस्त्रीकडून दोन्ही संच ओळखून घ्यावेत आणि रिम जोडणाऱ्या नटांवर लाल रंगाचा ठिपका द्यावा. पंक्चर काढण्यासाठीं रिम उघडावयाची असेल तर आधीं व्हाल्व्हचा आंतला खिळा काढून घ्यावा. हवेचा आवाज थांबला एवढ्यावर न राहतां टायर दोन्ही हातांनीं दाबून पाहावा, आणि तो पूर्ण मऊ लागल्यावरच लाल ठिपक्याला पाना लावावा. परत जोडतांना रिमचे सर्व नट घट्ट झाल्याशिवाय हवा भरूं नये, व भरतांना चाकाच्या तोंडावर उभें राहूं नये. स्टेपनीच्या बाबतींतही हाच नियम. तिच्यांत हवा भरलेलीच असते.

ज्या घरीं आजची बिनगियरची फोर-स्ट्रोक गाडी आहे, त्यांना वरील पुष्कळ मजकूर लागू नाहीं. तिच्या पेट्रोलांत तेल मिसळावयाचें नसतें; तिचें तेल इंजिनाच्या पोटांत असतें, आणि तें कमी झालें तरी पुष्कळ गाड्यांत कोणताही दिवा लागून सूचना मिळत नाहीं. पंधरा दिवसांनीं पट्टी काढून पातळी पाहणें, हवेची जाळी पुस्तिकेप्रमाणें बदलणें आणि ब्रेक तपासणें एवढें घरीं होतें. सन २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांमुळें नव्या गाड्यांत बहुतेक कार्ब्युरेटरच उरलेला नाहीं. पेट्रोल इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनें फवारलें जातें, तेथें पेचकसाचा उपयोग नाहीं. विजेवरच्या गाडीची बॅटरी तर घरीं मुळींच उघडूं नये.

घरच्या कामास हत्यारें फार लागत नाहींत. प्लगसाठीं एकवीस मिलिमीटरचा पाना, लहानमोठ्या पान्यांचा एक संच, दोन पेचकस, पक्कड, तारेचा ब्रश, अंतर मोजण्याच्या पातळ पट्ट्या, हवेचा पंप आणि जुनें सुती कापड पुरे. काढलेला प्रत्येक नट ताटलींत, ज्या क्रमानें काढला त्याच क्रमानें ठेवावा. नट प्रथम बोटांनीं फिरवून आटे बसल्याची खात्री झाल्यावरच पाना लावावा. पेट्रोलाचें भांडें उघडें राहूं नये, आणि जवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यास, मग तो कितीही मान्य पाहुणा असो, बाहेर पाठवावें.

गाडी चालू झाली तरी ती लगेच रस्त्यावर आणतां येत नाहीं. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते व त्यानंतर परिवहन कार्यालयांत गाडी तपासून घेऊन पांच पांच वर्षांसाठीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. विमा आणि धुराच्या तपासणीचा दाखलाही हवा. आणि विद्यार्थ्यानें स्कूटर दुरुस्त करण्यास कायद्याची हरकत नसली तरी ती चालविण्यास आहे. गियरच्या गाडीचा परवाना अठरा वर्षांपूर्वीं मिळत नाहीं, आणि सन २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तेव्हां पहिली फेरी वडिलांनीं किंवा आईनें मारावी. ज्यानें जेट धुतलें, प्लग घांसला व लाल ठिपके दिले, त्यानें हेल्मेट घालून मागें बसावें आणि इंजिनाचा आवाज नीट ऐकावा.